हरवलेल्या किल्लीचा दंड

माहितीपत्रक म्हणतं : विद्यार्थी एकेचाळीस हजार,
महाविद्यालयं सोळा, ग्रंथ तीस लाख.
कव्हरवर एक मुलगी गवतात बसून हसते.
ते गवत पाच महिने बर्फाखाली असतं, ते सोड.
माझा हिशेब वेगळा :
मक्याच्या शेतांमधून उगवलेल्या या आवारात
दारं बावीस हजार चारशे,
आणि त्यांना बोलतं करणारे आम्ही तिघे.
नंतर दोघे. शुक्रवारपासून तू एकटी, मारित.

हा जुडगा धर. जड आहे,
पँट खाली ओढतो, पट्टा घट्ट बांध.

ही वाफेच्या बोगद्याची. खाली मैलोन् मैल
नळ धुमसतात, आणि वर फुटपाथवर
बर्फ वितळून एक काळी रेघ उमटते.
जानेवारीत मांजरं त्या रेघेवरून चालतात,
प्राध्यापकही.

ही स्टेडियमची. सत्तर हजार माणसं, वर्षातून सात शनिवार.
बाकीचे दिवस तिथे मी आणि एक गळका नळ.

ही बियाण्यांच्या थंड खोलीची.
ही गोठ्याची, जिथे एका गाईच्या कुशीला
रबरी झाकण बसवलंय. पोरं कोपरापर्यंत हात घालून
पचन शिकतात, ती रवंथ करत उभी.
मिल्ड्रेड तिचं नाव.
सगळ्या विद्यापीठात कुलूप नसलेलं तेवढं एकच दार.

ही चिमुकली आता कशालाच लागत नाही.
मानववंशशास्त्राचं तळघर, खण एकशे सात.
नदीपल्याडच्या वस्तीतून सहा जण आले होते,
त्यांत एक म्हातारी, चाकाच्या खुर्चीत.
अधिष्ठात्यांचं भाषण चालू होतं.
तिने मधेच मला विचारलं, "किल्ली कुणाकडे?"
आमच्याकडे होती बाई, एकशे बारा वर्षं,
असं म्हणायला हवं होतं. मी नुसतं कुलूप काढलं.
हाडं किती हलकी, पुठ्ठ्याच्या खोक्यात मावली.
जमीन मात्र जड असावी,
ती कुणी उचलून परत दिली नाही.

रात्री तीनला फोन येईल.
टॉवेल गुंडाळून बाहेर अडकलेला कुणी, उणे वीस, ओठ निळे.
हसू नकोस. नाव विचार, दार उघड, वहीत लिही.
परीक्षेच्या आठवड्यात
आतून कुणी ओ देत नसेल
तर एकटी जाऊ नकोस.
त्याबद्दल एवढंच.

निवृत्त झालेले किल्ल्या परत करत नाहीत.
त्यांच्या बायका करतात, पुढे कधीतरी, पाकिटातून.
"कोटाच्या खिशात सापडली. कोट दान करते आहे."
ते पाकीट टाकून देऊ नकोस. का, ते मलाही माहीत नाही.

आणि ग्रंथालय. चौथा मजला, अभ्यासिका बावीस.
ऑक्टोबरात हुकूम आला : कुलूप बदला,
आत कुणीतरी झोपतं.
गेलो. फळीवर भाताचा कुकर, टूथब्रश,
रसायनशास्त्राचं पुस्तक, उशीसारखं दबलेलं.
फी वाढते, खोलीभाडं तिच्या हातात हात घालून वाढतं.
पोरगी उभी राहिली. काझूआ.
बाप टर्कीच्या कारखान्यात, तिकडे उत्तरेला.
रडली नाही. नुसती पुस्तकं गोळा करायला लागली,
आधी ग्रंथालयाची, मग स्वतःची.
मी वहीत लिहिलं : काम पूर्ण.
खोटं नाही. कुलूप बदललंच.
नव्या कुलपाला दोन किल्ल्या येतात.

शुक्रवारी खिडकीपाशी कारकून जुडगा मोजेल.
एक कमी भरेल.
हरवलेल्या किल्लीचा दंड पंचवीस डॉलर.
सुट्टे काढून ठेवलेत.
तू विचारू नकोस.

पुढल्या वर्षी सगळीकडे कार्डं येणार म्हणतात.
दार टुक् करून हिरवं होईल
आणि कोण किती वाजता आत गेलं
ते कुठल्याशा यंत्राच्या लक्षात राहील.
तेव्हा चौथ्या मजल्यावर...

असो. पट्टा घट्ट बांध म्हटलं ना.
चल, गोठ्यापासून सुरुवात करू.